आधी गूळ, मग राजीनामा

पुसद, ४ जून १९६१

रूपसिंगले, त्याच्या दादीकडून.

आशीर्वाद सध्या देत नाही. खाली जागा उरली तर पाहीन.

तुले पत्र टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि दोन दिवाळ्या ते पाळलं. पण खबरच अशी आहे की पोटात राहून नाही राह्यली. मले नोकरी लागली. हसू नको. केस पांढरे झालेल्या बाईले बी नोकरी लागते, आणि ती मागायले मी कोणाच्या दारी गेली नव्हती. नोकरीच चालत गोठ्यात आली.

फुलसावंगीले आपल्या तांड्यांतल्या पोरींसाठी वसतिगृह निघून राह्यलं. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि शाळेत जायचं. घर तयार आहे, खाटा आल्या, बेबीताई नावाची शिकलेली बाई मुख्य म्हणून आली. फक्त पोरी नाहीत. बेबीताई तांड्यातांड्यांनी फिरली, चपला झिजवल्या, सगळीकडे एकच जवाब. आमची पोरगी परक्या बाईच्या हाती काहून द्यावी? शेवटी आपल्या तांड्याचे नायक देवीलाल बोलले, "हंसाबाई तिथं चुलीपाशी बसत असंल तर आमच्या पोरी येतील. तिच्या तोंडाच्या भीतीनं लांडगा बी वाट बदलते."

अशी माही तारीफ झाली. त्या तारीफीवर बेबीताई थेट गोठ्यात आली. माहे हात शेणात. तिनं विचारलं, "तुम्हाला लिहिता येतं?" मी शेणाच्या बोटानं भिंतीवर नाव काढून दाखवलं. रात्रीच्या वर्गाले उगाच नाही गेली मी. टिंब जरा खाली घसरलं. ती म्हणे, "पुरे आहे, स्वयंपाक तर पाटीवर करायचा नाही." बाई मले आवडली.

वीस तारखेच्या आत तिथं हजर व्हायचं. मग पोरी येतील. मी चुलीपाशी दिसली नाही तर बाप दारातूनच पोरी माघारी नेतील, हे नायकांनी बेबीताईले तोंडावर सांगून ठेवलं.

आता राह्यलं वकीलसाहेबांले सांगायचं. नीळकंठराव वकिलांच्या गोठ्यात माही किती वर्षं गेली ते तुले ठाऊक आहे, त्यांच्या दमणीवर गाडीवान म्हणून तुले मीच बसवलं होतं. नागपूरच्या मिलमध्ये तुले काम लागलं याचं मले वाईट नव्हतं वाटलं. पण कचेरीसमोर जुंपलेली दमणी सोडून मोटारीत चढायचं, हे कुठलं जाणं? साहेब काळा कोट घालून बाहेर आले तर गाडीवान गायब. मग कासरा त्याइनंच धरला. बैलांनी त्याइले आधी कडब्याच्या दुकानी नेलं आणि पोट भरेपर्यंत तिथून हलले नाहीत. सारा पुसद पाहत होता. तेव्हापासून ते कचेरीत पायी जातात.

माहा आजा लदेणीवर, बैलांवर माल लादून गावोगाव फिरत असताना मुक्काम हलवायचा तर चुलीचे तीन दगड तसेच मांडून ठेवे, वर दोन सुक्या काटक्या. मागून येणाऱ्याले शिव्या द्यायचं कारण मिळू नये म्हणे. मी बी तशीच जाणार. जाईन, आणि पुन्हा त्या दारात उभी राहू शकीन अशी जाईन.

जागा उरली नाही.

तुही दादी


पुसद, ८ जून १९६१

रूपसिंग,

सांगितलं. ऐक कसं.

आपल्यात चांगली गोष्ट आधी तोंडानं सांगत नाहीत, आधी गूळ ठेवतात. म्हणून मी पळसाच्या पानावर गुळाचे खडे घेतले, धुतलेला फेटिया नेसली आणि मागच्या ओसरीत जाऊन बसली. साहेब, त्यांच्या वच्छलाबाई आणि सून सुचित्रा, तिघंही चहापाशी होते. मी गूळ पुढं सरकवला.

वच्छलाबाई एकदम फुलल्या. "अगंबाई! रूपसिंगचं जमलं वाटतं!" आणि हा एवढा खडा तोंडात टाकला. साहेबांनी बी घेतला. सुनेनं बी.

"मुलगी कुठली?" वच्छलाबाई चघळत विचारतात.

"फुलसावंगीची," मी म्हटलं.

"कामाला बरी आहे का?"

"कामाले वाघीण. तोंडाले जरा वाईट."

"वय काय?"

"साठीच्या आसपास."

वच्छलाबाईंचा जबडा थांबला. सुचित्रा पदरात हसून राह्यली. साहेबांनी चष्मा काढला. "हंसाबाई, मुलीचं नाव काय?"

"हंसाबाई," मी म्हटलं. "मीच चालली. तिथं नोकरी धरली."

मग जे झालं ते विचारू नको. वच्छलाबाई म्हणे, "हा काय चावटपणा! मला वाटलं रूपसिंगचं लग्न!" साहेब म्हणे, "फसवून घेतलेली संमती कोर्टात टिकत नाही."

"तांड्यात टिकते," मी म्हटलं. "गूळ गिळला की सोयरीक पक्की. मोडायची असंल तर आत्ता थुंका. मी पान धरते."

कोणी थुंकलं नाही. साहेबांनी माह्याकडे पाहत पाहत गिळला. मग हसले. तुले माहीत आहे ते कसे हसतात, खोकल्यासारखे. पण वच्छलाबाई कुठल्या सोडतात? "आणि लाली? त्या गाईला तुझ्याशिवाय कोणी हात लावला आहे का? उद्या नातवंडांना दूध कुठून?"

लालीचं तुले ठाऊक आहे. दुसरा बसला की दूध चोरते, वर लाथ. साहेब म्हणे, "बरोबर आहे. हंसाबाई, गूळ आम्ही गिळला. पण लालीनं कुठं खाल्लाय? तिला पान्हा सोडायला लावील असं माणूस बसवून दे आणि खुशाल जा. आणि हो, राजीनामा लेखी हवा. वकिलाचं घर आहे."

मी लिहिला. सुचित्राची दौत घेतली. असा:

वकीलसाहेब यांस. मी हंसाबाई, तुमचा गोठा सोडते. भांडण नाही. गाय तुमची, गुण तिचे. बोलावलं तर येईन, हुकूम केला तर नाही. हंसाबाई.

साहेबांनी वाचला आणि म्हणे, "यात एक अक्षर बदलायचं नाही." वच्छलाबाई म्हणे, "शेवटची ओळ काढ." मी म्हटलं, "शेवटचीच तर खरी आहे."

रात्री उगाच नायकांनी सांगितलेल्या पोरींची नावं घोकत पडली होती. झोप नाही. सणाच्या आदल्या दिवशी पोरांचं होते ना, तसं. कोणाले सांगू नको.

दादी


पुसद, १४ जून १९६१

रूपसिंग,

तुहं पत्र नाही. मी वाट पाहून राह्यली असं समजू नको, पोस्टमन याच बोळातून जाते म्हणून दिसते.

लालीनं माहा राजीनामा नामंजूर केला.

आधी रामधनले आणलं. गवळीपुऱ्यातला, पिढीजात धार काढणारा. तो म्हणे, "माय, गाय म्हणजे गाय, तिच्यात काय एवढं?" लालीनं चरवी एकीकडे आणि रामधनले एकीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणे, तुमच्या कपड्याची सवय असंल. म्हणून त्यानं माही ओढणी डोक्यावर घेतली. एवढाल्या मिशा आणि वर आरशांची ओढणी! वच्छलाबाई दारात उभ्या राहून हसल्या, माह्या दुःखावर पहिल्यांदा इतक्या खुश दिसल्या. लालीनं मान वळवून त्याच्याकडे पाह्यलं. मग शेपटीनं ओढणीच ओढून घेतली.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ उभी राह्यली, लालीच्या पाठीवर हात ठेवून. थेंब नाही. चौथ्या दिवशी माह्या बलिया काढून त्याच्या हातात चढवायले गेली, मनगटातच अडकल्या. तेल लावून काढाव्या लागल्या. रामधन म्हणे, "मावशी, मले माफ करा, माहं बी घरदार आहे." गेला.

इकडे बेबीताईचा निरोप आला. वीसच्या पुढं एक दिवस थांबता येत नाही, नायक विचारून राह्यले. वच्छलाबाई म्हणतात, "लालीपेक्षा तुझ्या पोरी मोठ्या झाल्या का?" मोठ्याच आहेत.

आज सकाळी बाजारात जाताना मोटार उभी होती. उमरखेडकडची. दार उघडं, पुढची जागा खाली. माह्यापाशी पिशवीत काही नव्हतं, अंगावरचे कपडे होते, ते पुरतात. एक पाय ठेवायचा होता. गेली असती तर संध्याकाळी बेबीताईच्या चुलीपाशी. ड्रायव्हर म्हणे, "आजी, चढता का?"

मले ती दमणी दिसली. कचेरीसमोरची. बैल मान वळवून गाडीवान पाहून राह्यले तशी.

मी ड्रायव्हरले म्हटलं, "आज नाही. वीसच्या आत कधी तरी चढीन, जागा पुसून ठेव."

सुचित्रा मघाशी गोठ्यात येऊन बसली होती. मोठ्या घरची सून, अमरावतीले मॅट्रिक झाली, आवाज असा की शेजारच्याले दोनदा विचारावं लागते. मी धार काढत असताना एकटक पाहत होती. म्हणे, "आजी, कपडे नाहीत, बांगड्या नाहीत. तुम्ही धार काढताना जे बोलता ना, त्यावर ती पान्हा सोडते."

मी म्हटलं, "मी कुठं काय बोलते?"

ती म्हणे, "पहिल्या धारेपासून शेवटपर्यंत. एका दमात."

असंल. तोंड चालू असते माहं, ध्यानात राहत नाही. काय बोलते ते तू विचारू नको.

दादी


पुसद, १९ जून १९६१, सकाळी

रूप्या,

मोटार दुपारची आहे. तर भराभर लिहिते.

सुचित्रानं हट्ट धरला की मीच शिकणार. वच्छलाबाई म्हणे, "वकिलाची सून गोठ्यात?" सुचित्रा हळूच म्हणे, "आई, मग तुम्ही बसता का?" विषय संपला.

तर ती खाली बसली आणि म्हणे, "आता सांगा, शब्द काय आहेत?" आणि मले सांगावं लागलं. लपवता आलं नाही, कारण गाय खोट्याले दूध देत नाही, मी त्याच संध्याकाळी करून पाह्यलं. देवाचं नाव घ्यायले लावलं सुनेले. लाली रवंथ करत राह्यली, थेंब नाही.

तर ते शब्द तुहे आहेत. तू गेला त्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज पहाटे लालीच्या कुशीले डोकं टेकवून तुले शिव्या देऊन राह्यली. रूप्या, उलट्या काळजाच्या, कुठं उलथला? तुह्या तोंडाले आग लागो, काही खाल्लं का? बेशरमा, घोंगडी इथंच टाकून गेला, थंडीत कुडकुडला असशील, बरं झालं. मेल्या, मिलमध्ये पट्ट्याजवळ वाकू नको. असं. पुढं बी आहे, ते कागदावर लिहायसारखं नाही.

सुचित्रानं सगळं पाठ केलं. पहिल्या दिवशी ती म्हणे, "रूपसिंग, आपण कुठे गेलात?" लालीनं कान बी हलवला नाही. मी म्हटलं, "पाहुण्याले चहा विचारून राह्यली का? पोट जाळून बोल." दुसऱ्या दिवशी जरा बरं. तिसऱ्या दिवशी तिले काय झालं कोण जाणे, अशी सुरू झाली की मीच मागं सरकली. तुले दिल्या त्या माह्या होत्या. मधे काही तिच्या स्वतःच्या होत्या, त्या तुह्यासाठी नव्हत्या. कोणासाठी होत्या ते मी विचारलं नाही, वच्छलाबाई दारातून आत गेल्या. आणि लालीनं चरवी भरून पान्हा सोडला!

सुचित्रा घामाघूम. केस विस्कटलेले. म्हणे, "आजी, या घरात मोठ्यानं बोलायला एवढी एकच जागा आहे. मी ही सोडणार नाही."

काल आणि आज मी बोळात उभी राहून ऐकलं. दोन्ही वेळा चरवी भरली. मी नसताना. माहं काम झालं.

मग मी गोठा झाडला, वैरण रचून ठेवली, दोर नवा बांधला. शेवटी खुंटीपाशी गेली. तिथं तुही घोंगडी आणि बैल हाकायची पराणी अजून आहे. मी म्हटलं, हे बी घेऊन जाऊ, उगाच जागा अडवून आहे. तर साहेब मागं उभे.

"ते राहू दे."

"काहून? तो तर कधीचा गेला."

"गेला असेल. पण सोडतो म्हणून म्हणाला नाही. तुझा राजीनामा माझ्याकडे आहे, मंजूर आहे. त्याचा आलेला नाही. माझ्या दृष्टीनं तो कामावर आहे, जरा उशीर झालाय एवढंच."

मी म्हटलं, "साहेब, म्हणून दुसरा गाडीवान ठेवला नाही?"

ते म्हणे, "जागा रिकामी असती तर ठेवला असता."

मी घोंगडी परत खुंटीवर टांगली. आता बोलावतात, दमणी जुंपली. साहेब स्वतः हाकणार म्हणतात. बैल कडब्याचं दुकान विसरले असतील अशी आशा आहे.

दादी


फुलसावंगी, २ जुलै १९६१

रूपसिंगले आशीर्वाद. या खेपेले आधीच लिहून टाकते, मागून जागा उरत नाही.

बैल विसरले नव्हते. सरळ कडब्याच्या दुकानी. साहेब कासरा धरून शांत बसले, म्हणे, "त्यांचं झालं की निघू." तिकडं मोटारीचा भोंगा वाजून राह्यला. मी उतरली, दोन्ही बैलांच्या मधे उभी राह्यली आणि सांगितलं काय सांगायचं ते. दुकानदार बाहेर आला, ऐकून परत आत गेला. बैल निघाले. मोटारीचा ड्रायव्हर तोच होता, त्यानं खरंच जागा पुसून ठेवली होती. चढताना साहेब म्हणे, "बोलावलं तर येशील ना?" मी म्हटलं, "लिहून दिलं आहे." वच्छलाबाईंनी घरूनच लोणच्याची बरणी दिली होती. वर निरोप, "तिथं जाऊन पोरींना आमच्याबद्दल सांगू नको." पाह्यलं का! म्हणजे सांगण्यासारखं काही आहे हे त्याइले बी माहीत.

आणि इथं! रूप्या, तू पाहायले पाहिजे होतं. पोरी आल्या. गाड्या भरून आल्या. बाप लोक आधी स्वयंपाकघरात डोकावले, मी चुलीपाशी बसली होती, मुद्दाम धूर केला, म्हणजे दुरून दिसावं. नायक देवीलाल म्हणे, "आहे." तेवढंच. मग पोरी उतरल्या. एक मानी नावाची, आठ वर्षांची, भाकरीपाशी येऊन रडायले लागली, की याडी पाहिजे, माय पाहिजे. मी म्हटलं, "रड. पण पाय जवळ घे, बाकीच्यांले बसायले जागा नाही." तिनं पाय जवळ घेतले, मग भाकर घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्या रडणारीले तेच सांगितलं. बेबीताई म्हणे, "हंसाबाई, तुमची बोलण्याची पद्धत..." मी म्हटलं, "नोकरी माह्या तोंडावरच लागली." ती हसली. सकाळी पोरी शाळेत जातात, रांगेनं, हातात पाट्या. मी दारात उभी राहते. काय वाटते ते लिहायले येत नाही, जोडाक्षरं लागतील.

तुहं कार्ड आलं. पुसदवरून फिरून आलं. दोन ओळी. एक, मी बरा आहे. ती खोटी, अक्षरच सांगते. दुसरी, वकीलसाहेब अजून रागावून आहेत का. ती खरी. आता समजलं. तांड्याचा रस्ता पुसदवरून जाते म्हणून तू दिवाळीले येत नाही. मी उगाच समजत होती की माह्यावर राग आहे.

तर आता माहं ऐक. मिलचं काम सोडू नको, ते चांगलं आहे. पण दोन दिवस सुटी काढ आणि पुसदले उतर. बाजारातून गूळ घे, पिवळा, चिकट नको. वकीलसाहेबांले सांगायचं एवढंच, की मी नोकरी सोडतो. दोन वर्षांनी सांगितलं म्हणून काय झालं, ते वाट पाहून राह्यले. मग खुंटीवरची घोंगडी घे आणि इकडं ये. माही चूल तुले दुरून दिसंल.

आधी गूळ दे, त्याइले गिळू दे, मग बोल.

आणि पहाटेच जा. मागच्या बोळातून, गोठ्याच्या दाराशी थांब. आत सुचित्राबाई तुले शिव्या देत असंल. सगळ्या ऐकून घे, मुकाट्यानं, शेवटपर्यंत. मधे 'मी आलो' म्हणू नको. लाली दूध चोरंल.

तुही दादी